पासवर्ड : पेढीचे न दिसणारे कुलूप

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकान बंद करताना आपण शटरचे कुलूप दोनदा ओढून पाहतो. मात्र ज्या ईमेलवर ऑर्डरी, बिले आणि बँकेचे निरोप येतात, त्याचा पासवर्ड काय? दुकानाचे नाव आणि पुढे मोबाईलचे शेवटचे चार आकडे. आमचाही तोच होता, आणि तोच आम्ही माल विकण्याच्या एका वेबसाइटवरही दिला होता. तेथून तो फुटला असावा. आमच्याच ईमेलवरून परगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला पत्र गेले की, आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. चाळीस ताक्यांचे पैसे भलतीकडे गेले. त्याने आमचाच पत्ता पाहून भरणा केला. त्याच्याशी भांडणार कोणत्या तोंडाने?

चोर हाताने एकेक पासवर्ड घालून पाहत बसत नाही. फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या त्याच्याजवळ असतात. २००९ साली अमेरिकेतील रॉकयू या कंपनीतून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. त्यांत सर्वांत जास्त लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. एका ठिकाणचा पासवर्ड हाती आला की तोच दहा ठिकाणी लावून पाहिला जातो. म्हणून ईमेलचा, बँकेचा आणि जीएसटीचा पासवर्ड वेगवेगळाच हवा. त्यांतही ईमेलचा आधी बदलावा, कारण बाकीच्या अनेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने करून घेता येतात.

मजबूत म्हणजे अवघड नव्हे, लांब. इंग्रजी लिपीची आठ लहान अक्षरे घेतली तर सुमारे २०,८८२ कोटी जोड्या होतात. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या यंत्राला तो फार नाही. त्याऐवजी दहा हजार शब्दांच्या कोशातून डोळे मिटून चार शब्द काढले, तर जोड्या सुमारे ४८ हजार पट वाढतात. बदक, तराजू, कंदील, पाऊस असे एकमेकांशी संबंध नसलेले शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. (हेच चार घेऊ नका, ते आता छापले गेले!) आम्ही उर्दू शाळेतले, आम्हाला प्रथम एखादा शेर सुचला. पण जी ओळ हजारोंना पाठ, ती चोरालाही पाठ.

दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली ती सक्ती नको असे सांगितले, कारण लोक शेवटचा १ काढून २ करतात, एवढेच. मात्र पासवर्ड फुटल्याचा संशय आला किंवा मुनीम काम सोडून गेला, तर त्याच दिवशी बदलावा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून वही तिजोरीत ठेवावी. आम्ही तसेच करतो. गल्ल्याशेजारच्या कॅलेंडरवर लिहू नये. आणि मोबाईलवर येणारा ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नये, समोरचा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवीत असला तरी.