सगळ्या माशांना एकच मसाला नको

वेंगुर्ला
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सुहास यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. पुण्याच्या खोलीवर गॅस आला, मित्र जमले, सुरमई आणली, मालवणी मसाल्याचं अख्खं पाकीट तिच्यात रिकामं केलं आणि सगळ्यांनी बोटं चाटली. छान झालं. खाली विचारलंस, ‘सगळ्यात चांगला मासा कुठला आणि तो करायची सगळ्यात चांगली पद्धत कुठली?’ फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि विसरतोस. म्हणून लिहून पाठवते.

आधी त्या पाकिटाचं बोलू. मालवणी मसाल्यात मिरची-धण्यांबरोबर लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल असं सगळं भाजून घातलेलं असतं. तो कोंबडीचा मसाला, मटणाचा मसाला, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा मसाला. आपल्याकडे माशांत तो जातो तो मोरीला, कारण मोरीचं मांस घट्ट आणि तिचा वासही दांडगा. तिला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप आणि गरम मसाला हवाच. फार तर तिसऱ्यांच्या सुक्यात चिमूटभर. रोजच्या माशाच्या कढीत ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, हळद आणि आमसूल, एवढ्यावर भागतं. तुम्ही त्या दिवशी जेवलात तो कोंबडीचा रस्सा होता, आत सुरमई होती एवढंच. हॉटेलवाले ‘मालवणी’ म्हणून असलाच लाल रस्सा वाढतात, त्यात तुझा काय दोष.

तेव्हा आधी मासा बघ, मग मसाल्याचा डबा उघड. बांगडा, तारली, पेडवे ही तेलकट मंडळी. त्यांना आंबट, तिखट आणि तिरफळ लागतं. पापलेट, मुडदुशी नाजूक. त्यांच्यावर मसाल्याचा मारा केलास तर पैसे पाण्यात. बोंबलाच्या अंगात तर पाणीच पाणी, त्याला रस्श्यात सोडलास की विरघळायलाच बघतो. (मुंबईकडे बोंबलाचं आंबट-तिखट कालवण करतात, चांगलं लागतं, पण त्याला सरावाचा हात पाहिजे.) तू आपले तळ. बोंबील मधून चिरून काटा काढायचा, मीठ लावून फडक्यात गुंडाळायचे आणि वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायचं. तासाभरात फडकं चिंब होतं. मग मिरची-हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाक. हे दाबण्याचं काम टाळलंस तर तव्यावर लगदा होईल.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मते मासा बांगडाच. सुरमई-पापलेट पाहुण्यांसाठी ठीक, आणि सुरमईला काटे कमी म्हणून शहरात तिचा भाव चढलेला. पण चव म्हणशील तर बांगड्याच्या जवळपास ती फिरकत नाही. शिवाय खिशाला परवडतो, आणि आता पावसाळा सरल्यावर भरपूर येतो. म्हणून तुला बांगड्याचं तिखलं नीट सांगते.

मध्यम आकाराचे चार बांगडे घे. कल्ले काढ, पोट फाडून आतडी काढ, आणि मग पोटात बोट घालून कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ खरवडून काढ. मासेवाली कापून देते ना, ती ही रेघ पुष्कळदा तशीच ठेवते. ‘बांगड्याला वास मारतो’ म्हणतात तो निम्मा तिथला. अख्खे बांगडे स्वच्छ धू आणि मगच तुकडे कर. तुकडे केल्यावर नळाखाली धरून बसू नकोस, चव वाहून जाते. तुकड्यांना मीठ-हळद लावून ठेव.

आठ-दहा बेडगी मिरच्या गरम पाण्यात भिजत घाल. त्या, चमचाभर धणे, थोडी हळद, लिंबापेक्षा लहान चिंचेचा गोळा आणि मूठभरच ओलं खोबरं असं एकत्र गंधासारखं बारीक वाट. मिक्सरवर वाटणार असशील तर दोनदा फिरव. धणे भरड राहिले की रस्सा खरखरीत लागतो. तिखल्यात खोबरं जास्त झालं की त्याची कढी होते, म्हणून मूठभर म्हणजे मूठभरच. सुकी तिरफळं आठ-दहा. त्यांच्यातली काळी बी काढून टाक, ती कडू असते. नुसती टरफलं पाण्याचा हात लावून ठेच. वाटपात वाटायची नाहीत, ठेचूनच घालायची आणि जेवताना बाजूला काढायची. वाटली तर सगळं तिखलं उग्र होतं आणि जिभेला मुंग्या येतात.

पसरट भांड्यात वाटप, थोडं पाणी आणि मीठ घालून उकळी आण. उकळी आली की बांगडे आणि तिरफळ घाल. आच बारीक. डाव अजिबात घालू नकोस, भांडं फडक्याने दोन्ही कानांना धरून गोल हलव. सात-आठ मिनिटांत मासा शिजतो. गॅस बंद केल्यावर वरून एक चमचा कच्चं खोबरेल सोड आणि झाक. पुण्यात तुझे मित्र खोबरेलाचं नाव काढल्यावर नाक मुरडतील, मुरडू देत. आणि जमलं तर निम्मं दुसऱ्या दिवसासाठी ठेव. गार झालं की लगेच फ्रीजमध्ये टाक आणि सकाळी भाकरीबरोबर खा. ताज्यापेक्षा शिळं तिखलं सरस असतं, हे आपल्या घरात कोणालाही विचार.

तळायचं म्हणशील तर सुरमई. मधल्या भागाच्या बोटभर जाडीच्या तुकड्या घे. डोकं आणि शेपटाकडचं कढीत जाऊ दे. मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेव. आगळ नसेल तर लिंबू चालेल, पण आगळाचा आंबटपणा वेगळा. सुटलेलं पाणी निथळू दे, मग तिखट लाव आणि तव्यावर टाकायच्या क्षणी रवा-तांदळाच्या पिठात दाब. आधी घोळवून ठेवलीस तर पीठ ओलं होऊन सुटतं. तेल तापलेलं हवं, धूर येणारं नको. टाकल्यावर हात आवर. कडेने सोनेरी झाली की एकदाच उलट. तुम्ही पोरं उलथनं घेऊन सारखी टोचत बसता.

कोळंबी पाच मिनिटांवर शिजवू नकोस, रबर होते. पाठीवरला काळा दोरा काढायला विसरू नकोस. तिसऱ्या शिजवल्यावर जी उघडली नाही ती टाकून दे, चाकूने उघडत बसू नकोस.

पापलेटचं वेगळं सांगायला हवं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं. ते मानापेक्षा काळजीपोटी. पिल्लं पकडून पकडून पापलेट कमी होत चाललंय. त्याच वर्षी कुठल्या जातीचा किती लहान मासा पकडायचा नाही, याचे नियमही ५४ जातींसाठी काढले. पण नियम बंदरावर, आणि बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटं ‘तव्यात अख्खी बसतात’ म्हणून विकायला असतातच. ती घेऊ नकोस. ज्याने अजून एकदाही अंडी घातली नाहीत तो मासा स्वस्त मिळाला म्हणून खुश होण्यात अर्थ नाही. नाजूक मासाच हवा असेल तर मुडदुशी माग. पुण्यात मिळाली तर नशीब समज.

घेताना काय बघायचं ते तुला लहानपणी दाखवलंय, तरी पुन्हा सांगते. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला उचलल्यावर लाल, पोट दाबल्यावर खड्डा न राहणारं. बांगडा शेपटीला धरला तर काठीसारखा ताठ राहायला हवा, मान टाकली तर पुढे चल. पुण्यात मासळी रात्रभर बर्फात प्रवास करून येते, त्यामुळे सकाळी लवकर गेलास तर बरं. आणि घेतल्यावर थेट घरी जा. बांगडा आणि कुपा या माशांच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. ते उन्हात, पिशवीत तासन्‌तास राहिले तर मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं धरतं. लोक म्हणतात ‘मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे’. पुष्कळदा अ‍ॅलर्जी नसते, मासा गरमीत राहिलेला असतो. तेव्हा बरोबर बर्फ घालून घे आणि मासे घेऊन सिनेमाला जाऊ नकोस.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना समुद्र बंद असतो. त्या दोन महिन्यांत ‘आजचीच आहे’ म्हणून सुरमई दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, ती बहुधा बर्फातलीच निघायची. त्या दिवसांत सुकट, सोडे, सुके बांगडे खा. जवळ्याची चटणी तर पावसातच खरी लागते. आपल्याकडे गंमत अशी की सरकारची बंदी उठते आणि घरची श्रावणाची लागते. तुझ्या खोलीवर श्रावण पाळत नाहीत हे मला माहीत आहे, तुझ्या आईला सांगत नाही.

मेसमध्ये ‘फिश फ्राय’ म्हणून देतात तो बासा. पांढरा, बिनकाट्याचा, बिनवासाचा. त्याला स्वतःची चवच नाही, म्हणून तो कोणाला नावडत नाही. भूक लागली तर खा, पण मासा खाल्ला म्हणून मला कळवू नकोस.

पुढच्या रविवारी तिखलं कर. पाकीट कपाटात राहू दे, कोंबडी आणशील तेव्हा उपयोगी पडेल. तिरफळं पुण्यात कोकणी मालाच्या दुकानात मिळतात, पण भलती जुनी असतात. हुंगून बघ, वास नसेल तर घेऊ नकोस. दिवाळीला येताना रिकामी बाटली आणि एक डबा घेऊन ये. यंदाचं आगळ काढून ठेवलंय आणि तिरफळंही वाळवली आहेत, दोन्ही भरून देते.

तुझी,
आत्या