सकाळी पिकअप मिसिंग मारते? आधी निदान करा, मग खिशात हात घाला



व्हिडिओमध्ये आपण इंजिनचे आवाज ऐकले. पण गाडीजवळ उभं राहून व्हिडिओ मागे-पुढे करत बसणं जमत नाही. म्हणून तपासणीचा पूर्ण क्रम इथे लिहून देतो. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

उदाहरणासाठी आपण कचारगड घेऊ. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ, छत्तीसगडच्या सीमेला लागून हे ठिकाण आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून भाविक येतात. मंडपाचं सामान, पाण्याचे कॅन, किराणा, भांडी हे सगळं पिकअपवरच येतं. ज्याच्याकडे पिकअप आहे, त्याच्यासाठी हे वर्षातले मोठ्या कमाईचे दिवस. आणि नेमकं त्याच वेळी पहाटे थंडीत गाडी सुरू केली की इंजिन थरथरतं, आरपीएम वर-खाली होतं, पांढरा धूर निघतो. मोठं गॅरेज गोंदियाला, म्हणजे पन्नासेक किलोमीटरवर. तुम्ही काय कराल?

बरेच जण सरळ फोन लावतात, तिकडून "नोझल गेले असतील" असं ऐकतात आणि खर्चाला तयार होतात. थांबा. डिझेल फिल्टर काही शेकड्यांत येतो, चार इंजेक्टरचं काम हजारोंत जातं. दोन्ही बिघाडांचं लक्षण मात्र सुरुवातीला सारखंच दिसू शकतं. हा फरक ओळखणं म्हणजेच तुमचा नफा.

आधी समजून घ्या: थरथर होते का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. म्हणजे तीन गोष्टी लागतात: पुरेसा दाब, पुरेशी उष्णता आणि योग्य वेळी योग्य तेवढं डिझेल. थंडीत उष्णता कमी पडते. म्हणून दिवसा लपलेला छोटा दोष पहाटे उघडा पडतो. गोंदियात हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो, हे विसरू नका.

एक गोष्ट नॉर्मल आहे. थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ जास्त आरपीएमवर चालतं आणि मग खाली येतं. आवाज एकसारखा असेल तर तो बिघाड नाही.

पायरी १: हात न लावता निरीक्षण

गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. बॉनेट उघडण्याआधी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, पंख्याच्या पट्ट्यात अडकला तर जीवावर बेततं. आता तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

पहिला प्रश्न: थरथर कशी आहे, ठेक्यात की झोक्यात? चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. एक सिलिंडर पेटत नसेल तर सेकंदाला सहा-सात वेळा एकसारखा धक्का बसतो. हा झाला ठेका. इथे संशय एका सिलिंडरवर. याउलट आरपीएम सावकाश वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं, तर तो झोका. इथे संशय डिझेलच्या पुरवठ्यावर: लाईन हवा घेतेय, फिल्टर तुंबलाय किंवा डिझेलमध्ये पाणी आहे.

दुसरा प्रश्न: धुराचा रंग कोणता? पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय.

तिसरा प्रश्न: थरथर किती वेळ टिकते? दोन-तीन मिनिटांत पूर्ण थांबली तर हीटर प्लग किंवा रात्रीतून लाईनमध्ये शिरलेली हवा यांचा संशय आधी घ्या. गरम झाल्यावरही राहिली तर इंजेक्टर, ईजीआर किंवा कॉम्प्रेशनकडे बघावं लागेल.

पायरी २: जवळपास फुकट होणाऱ्या तपासण्या

इथे एकच नियम: एका सकाळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम केल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी तिन्हींचा खर्च पुन्हा कराल.

१. डिझेल फिल्टरच्या खालचा नळ सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा. पंधरा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसेल. डब्यात साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी ही तपासणी आधी करावी.

२. फिल्टरजवळ हातपंप असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करण्याआधी तो कडक होईपर्यंत दाबा. आज गाडी व्यवस्थित चालली? मग रात्रीत डिझेल मागे उतरतंय आणि लाईन कुठेतरी हवा घेतेय. पाईपचे क्लॅम्प, फिल्टरचं रबर, जुने पाईप बघा. ओलसर डाग दिसला की जागा सापडली.

३. तिसऱ्या दिवशी चावी ऑन करा, हीटरचा दिवा विझू द्या, चावी बंद करा, पुन्हा ऑन करा आणि दुसऱ्यांदा दिवा विझल्यावर स्टार्ट मारा. फरक पडला तर हीटर प्लग किंवा त्याचा रिले तपासायला घ्या. वायर काढून मल्टीमीटरने बघितल्यावर चांगला प्लग अगदी कमी ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो प्लग गेला.

४. बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर हळू फिरतो, हवा नीट दाबली जात नाही आणि दोष मात्र इंजिनला दिला जातो.

५. एअर फिल्टर काढून बघा. कच्च्या रस्त्याच्या धुळीत तो लवकर भरतो.

पायरी ३: हे काम मेकॅनिकचं

एवढं करून दोष सापडला नाही तर गॅरेज गाठा. पण "गाडी मिसिंग मारते" एवढंच सांगू नका. वही दाखवा आणि या तपासण्या मागा.

स्कॅनर: कॉमन रेल गाडीत कॉम्प्युटर कोणत्या सिलिंडरला किती डिझेल वाढवून किंवा कमी करून देतोय, हे बऱ्याच मॉडेलमध्ये दिसतं. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा असेल तर शोध तिथे सुरू करा.

रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न लाईनला बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवतात. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तर तो इंजेक्टर संशयित. म्हणजे चारही बदलण्याआधी एकाची खात्री करता येते.

ईजीआर: काजळीने वाल्व्ह उघडाच अडकला तर जळालेली हवा पुन्हा आत येते आणि रेस न देता इंजिन अडखळतं. अनेकदा साफसफाईने काम भागतं.

कॉम्प्रेशन: ही तपासणी शेवटी. इथे दोष निघाला तर खर्च मोठा, म्हणून निर्णयही शांतपणे घ्या.

एक धोक्याची सूचना. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांमध्ये चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाईपचा नट सैल करून मिसिंग सिलिंडर शोधतात. कॉमन रेल गाडीत हे अजिबात करू नका, कुणाला करूही देऊ नका. त्या पाईपमध्ये डिझेलचा दाब १००० बारच्या वर जाऊ शकतो. बारीक धार कातडीतून थेट आत घुसते.

तुमची गाडी पेट्रोल किंवा सीएनजीवर असेल तर क्रम बदलतो: स्पार्क प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची घाण आणि फुटलेले हवेचे पाईप आधी बघा.

आता धंद्याचं गणित

समजा, एका फेरीला खर्च वजा जाता १,५०० रुपये उरतात आणि यात्रेत दिवसाला दोन फेऱ्या होतात. गाडी तीन दिवस उभी राहिली तर ९,००० रुपये गेले. शिवाय मंडपवाला पुढच्या वर्षी दुसऱ्याला फोन करेल, तो तोटा वेगळाच. म्हणून बुकिंगच्या किमान पंधरा दिवस आधी सलग चार-पाच सकाळी गाडीचं निरीक्षण करा. दुरुस्तीला वेळ मिळतो आणि घाईत दिलेला जादा भाव वाचतो.

मेकॅनिकला आदराने तीन प्रश्न विचारा: "दादा, हा पार्ट खराब आहे हे कोणत्या टेस्टवरून कळलं? जुना पार्ट परत मिळेल ना? बिल आणि वॉरंटी काय?" चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट तुम्हाला जाणकार गिऱ्हाईक समजतो.

आणि हो, यात्रेत कितीही गर्दी असली तरी मालवाहू पिकअपच्या मागे माणसं बसवू नका. ते नियमाविरुद्ध आहे. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, आणि एका फेरीच्या भाड्यासाठी अख्खा धंदा पणाला लागतो.

आजचा गृहपाठ

उद्या सकाळी गाडी सुरू करताना पाच ओळी लिहा: तारीख, स्टार्ट व्हायला लागलेला वेळ, ठेका की झोका, धुराचा रंग, किती मिनिटांत इंजिन शांत झालं. गाडी ठणठणीत असली तरी लिहा. चांगली गाडी कशी चालते याची नोंद असेल, तरच बिघडलेली लवकर ओळखता येते.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण वही सोडू नका!