डॉक्टर न होताही आरोग्यसेवेत

23 नोव्हेंबर 2022 रोजी सकाळी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातली संगणक यंत्रणा कोलमडली. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज अशी सगळी कामे हाताने लिहून करायची वेळ आली. बहुतेक सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. हल्लेखोरांनी पाच सर्व्हरवरच्या सुमारे 1.3 टेराबाइट माहितीला सांकेतिक कुलूप घातले होते. सरकारने पुढे संसदेत सांगितले, की नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नसल्याने हे घडले. माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे.

नेटवर्कचे विभाग पाडणे आणि बॅकअप जपणे ही कामे डॉक्टर करत नाहीत. ती संगणक शिकलेली माणसे करतात. ‘नीटमध्ये नंबर लागला नाही तर पुढे काय?’ या काळजीत असलेल्या वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या घरांनी या कामाची ओळख करून घ्यायला हवी.

मानोरा तालुक्यातला रुग्ण गंभीर झाला, की यवतमाळ, अकोला किंवा अमरावती गाठतो. वाशिमलाही 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रत्येक ठिकाणी जुने कागद लागतात आणि एखादा हरवला, की तीच तपासणी पुन्हा करावी लागते. सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन यावर उपाय शोधते. त्यातला 14 अंकी ‘आभा’ क्रमांक रुग्णाच्या नोंदी जोडतो. या नोंदी दिल्लीत एका जागी साठत नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयाकडे राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याच्या संगणकाला समजावी यासाठीच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेत आहे.

लहान रुग्णालयाला स्वतःचे सर्व्हर सांभाळणे परवडत नाही, म्हणून ते क्लाउडवर जागा भाड्याने घेते. मायक्रोसॉफ्टची पुण्यातली डेटा केंद्रे 2015 मध्ये सुरू झाली, ॲमेझॉनची मुंबईतली 2016 मध्ये. पण गाळा भाड्याचा असला तरी शटरला कुलूप लावणे दुकानदाराचेच काम असते. इमारत आणि यंत्रे कंपनी सांभाळते. कोणाला किती माहिती दिसावी, पासवर्डसोबत ओटीपी लागतो का, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते बंद झाले का, हे रुग्णालयाच्या माणसांनी पाहायचे असते.

कायद्यानेही ही जबाबदारी वाढवली आहे. 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वाट कोणती?

दहावीनंतर तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर किंवा आयटीचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो; शासकीय तंत्रनिकेतन वाशिमलाही आहे. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावी विज्ञानवाल्यांना एमएचटी-सीईटी देऊन अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय गाठता येते. बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हेही चांगले पर्याय आहेत. पदवीनंतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. त्यात ‘डिटिस’ हा अभ्यासक्रम यंत्रणा आणि सुरक्षा यांवरच आहे. पात्रता अभ्यासक्रमागणिक बदलते, तेव्हा माहितीपत्रक आधी वाचावे.

खर्चाची धास्ती असलेल्या पालकांनी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या प्रवेशाआधीच पाहाव्यात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना 2024-25 पासून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. बंजारा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी विमुक्त जाती प्रवर्गाच्या योजना आहेत. जातीचा, उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेअर असे जे दाखले लागू असतील, ते निकालाची वाट न पाहता काढून ठेवावेत.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगायला हवी. पहिली नोकरी बहुधा ‘सिक्युरिटी एक्स्पर्ट’ची मिळत नाही. सुरुवात तांत्रिक मदत, सर्व्हर सांभाळणे किंवा लॉग (यंत्रणेतल्या नोंदी) तपासणे अशा कामांतून होते. रुग्णालय चोवीस तास चालते, त्यामुळे रात्रपाळीही येते. म्हणूनच ‘तीन महिन्यांत हमखास नोकरी’ असे सांगून लाखभर रुपये मागणाऱ्या क्लासपासून सावध राहावे. पैसे भरण्याआधी मागच्या बॅचची मुले सध्या कुठे काम करतात, हे त्यांच्याशीच बोलून खात्री करावी.

तयारी मात्र आजच सुरू करता येते आणि तीही फुकट. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली विनामूल्य आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. ‘स्वयम’ या सरकारी संकेतस्थळावर नेटवर्क आणि क्लाउडचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क तेवढे भरावे लागते. आधी लिनक्स, मग नेटवर्क, मग थोडी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि त्यानंतर क्लाउड, हा क्रम ठेवावा. दहावीच्या सुट्टीत पहिल्या दोन पायऱ्यांना आरामात सुरुवात करता येईल.