कुस्ती आणि मुष्टियुद्ध

चुडाव्यासारख्या गावी जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. आरंभी रेवड्यांवर लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, आणि कडेला उभ्या एखाद्या मातेचे काळीज धडधडू लागते. मुलांनो, असले खेळ घातक नव्हेत काय?

सर्व खेळांना एकच उत्तर लागू पडत नाही. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली. त्याला दुखापत करावी लागत नाही. आखाड्याची मातीही ताक, तेल, हळद घालून मऊ राखतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच मातीत तयार झाले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे, गादीवर लढून, त्यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. अर्थात मानेवर पडल्यास कुस्तीतही प्राणावर बेतते. म्हणून वस्तादाच्या नजरेआड डाव टाकू नये.

मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी. तेथे मस्तकावर बसलेल्या ठोशाला गुण मिळतो. त्या ठोशाने कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. शिरस्त्राणामुळे कातडी फाटत नाही, परंतु आतला हिसका थांबत नाही. आणि असे हिसके वर्षानुवर्षे बसले तर स्मृती व वाणी मंदावते.

तुमच्या वयात दोरीवरच्या उड्या, पवित्रे, वाळूच्या पिशवीवरील ठोसे खुशाल शिकावेत. डोक्यावर ठोसे मात्र खाऊ नयेत, असे माझे मत आहे. त्याबद्दल कोणी भित्रा म्हटले, तर म्हणो बापडा!