ग्रीवा रोहिणीतील अडथळा आणि पक्षाघात

मेंदूला लागणाऱ्या रक्ताचा मोठा भाग मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या ग्रीवा रोहिणींतून येतो. जबड्याच्या खाली या रोहिणीला दोन फाटे फुटतात. आतल्या भिंतीवर मेदाचे थर साचून रोहिणी अरुंद होण्याचा विकार या फाट्यापाशीच विशेष आढळतो. थर फाटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते. ती रोहिणी बंद करते, किंवा तिचा तुकडा सुटून मेंदूतील रोहिणीत अडकतो. मग तोंड वाकडे होते, एका बाजूचे हातपाय लुळे पडतात, वाचा अडखळते. बहुधा वेदना होत नाहीत; त्यामुळे घरची माणसे थोडे थांबून पाहतात. हे थांबणेच घातक ठरते. मोठी रोहिणी तुंबल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला.

केवळ लक्षणांवरून गुठळी आणि रक्तस्राव यांतला फरक ओळखता येत नाही. गुठळीवरचे औषध रक्तस्रावात प्राणघातक ठरू शकते. म्हणून सीटी स्कॅन प्रथम करावा लागतो. रक्तस्राव नसल्यास शिरेतून गुठळी विरघळविणारे औषध देता येते. १९९५ मध्ये पहिल्या ३ तासांत, तर २००८ मध्ये साडेचार तासांपर्यंत त्याचा उपयोग सिद्ध झाला. मात्र १९९५ च्या पाहणीत औषध दिलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ६ जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. त्यामुळे ते सरसकट देता येत नाही.

मोठ्या रोहिणीतील गुठळी औषधाने पुष्कळदा विरघळत नाही. अशा वेळी जांघेतील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांनी ही पद्धत प्रस्थापित केली. मेंदूचा वाचविता येण्याजोगा भाग शिल्लक असलेल्या निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही तिचा लाभ होतो, हे २०१८ मध्ये दिसून आले. वाटेत मानेतील रोहिणी अरुंद असल्यास ती फुग्याने रुंद करून कधी जाळीची नळीही बसवितात.

मानेवरील शस्त्रक्रियेचा हेतू निराळा आहे. तिने पुढचा झटका टाळायचा असतो. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी एका स्त्रीच्या ग्रीवा रोहिणीचा रोगट भाग काढून रक्तमार्ग पुन्हा जोडला. पुढे रोहिणी उघडून आतला थर सोलून काढण्याची पद्धत रूढ झाली. उत्तर अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. सौम्य झटक्यानंतर ही शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करावी, असे आता मानतात.

रोहिणी पूर्वीपासून संपूर्ण बंद असल्यास मात्र ती उघडण्याचा खटाटोप सहसा करीत नाहीत. टाळूवरील रोहिणी मेंदूतील रोहिणीला जोडून पर्यायी मार्ग काढण्याची शस्त्रक्रिया १९८५ च्या मोठ्या चाचणीत लाभदायक ठरली नाही. तेथे गुठळी रोखणारी औषधे, रक्तदाब व मेद यांवर नियंत्रण आणि तंबाखूचा त्याग यांवरच भर असतो.

यांपैकी कोणता उपाय योजता येईल, हे बव्हंशी रुग्ण किती लवकर पोहोचतो यावर अवलंबून असते. म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ नातेवाइकांनी अवश्य सांगावी. काही मिनिटांत ओसरलेला लुळेपणाही दुर्लक्षू नये. तो पुष्कळदा मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असतो.