कानस दोनशेची, चेन हजाराची

चेनसॉची धार गेली की आधी भुशात दिसते. धारदार चेन लाकडाचे ढलपे उडवते, बोथट झालेली पिठासारखा भुसा पाडते. मशीन आपणहून लाकडात उतरेनासे होते, मग माणूस वरून जोर लावतो. पेट्रोल जास्त जाते, बार तापतो, चेन सैल पडते आणि संध्याकाळी दंड भरून येतात. कोकणात पावसाआधी घरावरच्या फांद्या उतरवणारे असोत की विदर्भात बांधावरची बाभूळ तोडणारे, यावर बहुतेकांचा उपाय एकच: चेन तालुक्याच्या दुकानात टाकायची, नाहीतर नवी घ्यायची.

त्याचा खर्च मांडून बघा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५८ सीसीच्या मशीनला बहुधा २२ इंची बार असतो. त्याची साधी चेन साधारण ६०० ते ९०० रुपयांना पडते. नावाजलेल्या कंपनीची १२०० ते २०००. दुकानात ग्राइंडरवर धार लावायचे १०० ते २०० रुपये, गावागणिक कमी-जास्त. येण्याजाण्याचे पेट्रोल वेगळे. आणि मजूर बसून राहिले तर सगळ्यात मोठा आकडा त्यांच्या रोजाचाच.

गोल कानस मिळते १०० ते २५० रुपयांना. दोनशेची धरली आणि आठ-दहा वेळा चालली, तर एका धारेला वीस-पंचवीस रुपये पडतात. लाकडी मूठ, चपटी कानस आणि कोन दाखवणारा गाइड घेतला तरी सगळे मिळून हजाराच्या आसपास भागते. चार-पाच हजारांचा इलेक्ट्रिक ग्राइंडर घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. भाड्याने कटाईची कामे घेत असाल तर जरूर घ्या. स्वतःच्या वाडीपुरते मशीन असेल तर ते पैसे अडकवू नयेत असे माझे मत.

हाताने धार लावण्यातला खरा फायदा चेनच्या आयुष्यात आहे. दुकानात घाईने चाक दाबले की दाताचे टोक निळे पडते, म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. तो दात पुन्हा धार धरत नाही. शिवाय चाक एका फेरीत जितके पोलाद खाते, तितक्यात कानशीने कित्येकदा धार लागली असती.

कानस घेताना जाडी चुकवू नका. लहान मशीनच्या बारीक, तीन-अष्टमांश लो प्रोफाइल चेनला ४ मिमी लागते. ५८ सीसीवाल्या मशीनवर बहुधा पॉइंट ३२५ पिचची चेन असते, तिला ४.८ मिमी. मोठ्या तीन-अष्टमांश चेनला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५. खात्री नसेल तर मशीनसोबतची पुस्तिका बघा. ‘कोणतीही चालते’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात मोजे. बार व्हाइसमध्ये पकडा. रानात असाल तर बुंध्याला खाच पाडून त्यात अडकवा. दात उजेडात धरून बघा: बोथट कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते. ती रेघ गेली की धार आली. कानस दाताच्या आतून बाहेर, बहुतेक चेनना ३० अंशांच्या कोनात, फक्त पुढे ढकलायची. परत आणताना उचलायची. मागेपुढे घासली की कानस लवकर मरते. तिच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. रोजच्या धारेला दोन-तीन हात पुरतात, पण प्रत्येक दाताला सारखेच. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसरीकडे वळा. सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणा, नाहीतर मशीन कापताना एका अंगाला ओढते.

दातापुढचा उंचवटा मात्र बहुतेकजण विसरतात. दात किती खोल चावेल हे तोच ठरवतो. दात झिजून खाली येतो, उंचवटा तसाच राहतो, म्हणून धार असूनही चेन लाकडावर घसरते. तीन-चार धारांनंतर चपट्या कानशीने तो उतरवायचा. नेहमीच्या चेनला दातापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली. मापाची पट्टी स्वस्त असते, ती घ्याच. अंदाजाने जास्त उतरवला तर मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

पेट्रोलची टाकी भरताना धारही बघून घ्यावी. आडवे पडलेले, मातीने भरलेले खोड कापायचे असेल तर आधी साल झाडा. मातीला चेन लागली की धार गेलीच. चक्रीवादळानंतर कोकणात पडलेली माडाची खोडे कापणाऱ्यांना हे सांगायला नको.

चेन खिळ्यावर किंवा कुंपणाच्या तारेवर गेली आणि बरेच दात मोडले, तर कानस घेऊन बसू नका, ते दुकानाचेच काम. पण देण्याआधी दात मोजून बघा. घासल्यावर ४ मिमीपेक्षा कमी लांबी उरणार असेल, तर त्या चेनवर दीडशे रुपये घालू नका, नवीच घ्या.