भिंतीचा रंग आणि खोलीतील उष्मा

पंचगंगेच्या खोऱ्यातील इचलकरंजी येथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे हे गाव वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र बनले. येथील अनेक कारखाने पत्र्याच्या छपराखाली चालतात. वैशाखातील दुपारच्या पाळीत कामगारांना होणारा ताप रंगाने कमी होईल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आतील रंग

निळ्या-हिरव्या छटा पाणी व सावलीची, तर तांबड्या-पिवळ्या छटा अग्नीची आठवण देतात. त्यामुळे निळ्या खोलीत किंचित गारवा वाटतो. परंतु तापमापकातील पारा त्यामुळे उतरत नाही. ऊन न पोहोचणाऱ्या भिंतीवरील नेहमीचे रंग, मग ते कोणतेही असोत, उष्णतेची देवघेव जवळजवळ सारखीच करतात. पांढऱ्या भिंतीचा लाभ निराळा आहे. ती उजेड परावर्तित करते व दिवे कमी लागतात.

बाहेरील रंग

जेथे ऊन पडते तेथे मात्र रंगाचा प्रभाव मोठा असतो. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॅट सौरऊर्जा पडते. १०० चौरस मीटरचे काळपट छप्पर त्यांतील सुमारे ९० किलोवॅट शोषून घेते. स्वच्छ पांढरे छप्पर सुमारे २० ते २५. शोषलेल्या उष्णतेचा काही भाग वाऱ्याबरोबर जातो, उरलेली खाली उतरते.

कारखान्यात आणखी एक अडचण असते. सुती धागा कोरड्या हवेत अधिक तुटतो, म्हणून दारे-खिडक्या सताड उघडण्यावर मर्यादा येतात. शिवाय १ अश्वशक्तीची प्रत्येक मोटर सुमारे पाऊण किलोवॅट वीज घेते आणि ती अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. ही उष्णता रंगाने हटत नाही. तीसाठी वायुवीजनच हवे. वरून येणारा ताप मात्र रंगाने रोखता येतो. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांविषयीचे धोरण जाहीर केले, ते याच तत्त्वावर आधारलेले आहे.

शाळेतील प्रयोग

दोन सारखे डबे घेऊन एकास काळा, दुसऱ्यास पांढरा रंग द्यावा. दोहोंत समान पाणी भरून झाकण लावावे व तासभर उन्हात ठेवून तापमान मोजावे. काळ्या डब्यातील पाणी अधिक तापलेले आढळेल. हाच प्रयोग सावलीत केल्यास फरक जवळजवळ दिसत नाही. रंगाचे कार्य उन्हाशी निगडित आहे, हे विद्यार्थ्यांना यावरून पटते.

ग्रामपंचायतींसाठी

शाळा, अंगणवाडी व दवाखान्याच्या सिमेंटच्या गच्चीवर माघ-फाल्गुनात चुन्याचे दोन हात द्यावेत. पत्र्यावर चुना नीट धरत नाही. तेथे पत्र्यासाठीचा पांढरा रंग वापरावा. धूळ बसल्यास परावर्तन घटते, म्हणून छप्पर अधूनमधून धुवावे. पश्चिमेची भिंतही फिकट ठेवावी. निधी मर्यादित असेल, तर पहिला हात छपराला द्यावा; आतल्या भिंतींचा विचार नंतर करावा.